ओलं लोटांगण

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात आप्पा. माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सहा फूट उंची, आणि सगळी हयात शाळेच्या मैदानावर पी.टी. घेण्यात गेलेली, त्यामुळे घरातला आवाज वेगळा आणि मैदानावरचा वेगळा हे त्यांच्या गावी नाही. एका हातात चिरोट्यांचा डबा, दुसऱ्या हातात काठी. "कुठंय तुमची नवी पाहुणी?" असं गरजत ते आत आले.

नवी पाहुणी, म्हणजे बुंदी, कोचाखालून निघाली. निघतानाच निम्मं अंग फरशीला टेकलेलं. शेपूट पोटाखाली घातलेली, पण तिचं टोक मात्र लगालगा हलत होतं. कान मानेला चिकटलेले, ओठ मागे ओढलेले, जीभ पुन्हा पुन्हा स्वतःच्या नाकावर. सरपटत ती आप्पांच्या पायांपर्यंत पोचली. आप्पा कौतुकानं वाकले आणि त्यांचा भलामोठा पंजा तिच्या डोक्यावर उतरला. त्यासरशी ती कुशीवर कलंडली, मागचा पाय उचलला, आणि पुतणीनं दुपारभर खपून काढलेल्या रांगोळीच्या कडेनं एक पिवळा ओघळ निघाला.

"हात् तिच्या! ही तर मुतली!"

मग एकच धांदल. सासूबाईंनी पणत्या उचलल्या, पुतणीनं भोकाड पसरलं, मी फडकं आणायला धावले आणि नवरा ओरडला, "बुंदी! काय हे?" बुंदीनं त्याच्याकडे पाहिलं, आणखी चपटी झाली, आणि दुसरी धार सोडली. पहिलीपेक्षा मोठी.

पहिली धार सगळ्यांनी पाहिली. दुसरीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मला ती रात्रभर आठवत राहिली, कारण ती आप्पांमुळे आली नव्हती. आमच्या रागवण्यामुळे आली होती.

फराळाला बसल्यावर सल्ल्यांची रास पडली. नाक धरून त्यात घासा, पुन्हा करणार नाही. पेपरची सुरळी करून एक द्या. पाहुणे यायच्या आधी दोन तास पाणी बंद करा. "सूनबाई, ही मुद्दाम करते. लाडावलीय," हा आप्पांचा निकाल. गंमत म्हणजे माणसाच्या बाबतीत हे गणित आपल्याला पक्कं ठाऊक असतं. भीतीनं धोतर ओलं झालं, चड्डी ओली झाली असं आपण सर्रास म्हणतो, आणि त्या माणसानं ते मुद्दाम केलं असं कुणी मानत नाही. कुत्र्यानं तेच केलं की मात्र तो माज ठरतो.

बुंदी तेव्हा साताठ महिन्यांची असेल. सिंहगड रस्त्यावरच्या एका रसवंतीच्या मागे, चिपाडांच्या ढिगात सापडलेली. अस्सल गावठी, बुंदीच्याच रंगाची. तिला आधी कुणीतरी मारलं असणार, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. अशा कुत्र्यांच्या घरोघरी ही एक करुण पूर्वकथा तयार असते. ती खरी असेलही. पण चांगल्या घरी जन्मलेली, कधी चापटसुद्धा न खाल्लेली पिल्लंही पाहुण्यापुढे अशीच ओली होतात, हे मी पुढच्या काही महिन्यांत पाहिलं. एखाद्याचा स्वभावच भिडस्त असतो, एखाद्याचं वय कोवळं असतं, आणि कित्येकदा दोन्ही.

आधी डॉक्टर. त्यांनी पहिल्यांदा लघवीचा नमुना मागितला. तो कसा घ्यायचा, हेही त्यांनीच सांगितलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी सोसायटीच्या मागच्या बागेत वरणाची पळी घेऊन बुंदीच्या पाठोपाठ फिरत होते. ती बसली की पळी हळूच खाली सरकवायची. तिसऱ्या खेपेला जमलं. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून हे पाहत होत्या. आमच्याकडे त्या अजून आमटी घेत नाहीत.

नमुना स्वच्छ निघाला. मग प्रश्न. झोपेतून उठल्यावर अंथरूण ओलं असतं का? चालता चालता ठिबकतं का? पाणी खूप पिते का? घरात एकटी असताना, कुणी आलं-गेलं नसताना कधी करते का? सगळ्यांचं उत्तर "नाही". ही चौकशी टाळू नये, हे मला नंतर एका ओळखीच्या घरी नीट उमगलं. त्यांची नऊ वर्षांची लॅब्रॅडोर कुत्री झोपेत गादी भिजवायची, आणि ती "म्हातारपणी घाबरट झालीय" असं म्हणून घरचे गप्प बसले होते. वास्तविक नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये, विशेषतः मोठ्या चणीच्या, काही वर्षांनी मूत्रमार्गाची पकड सैल पडू शकते आणि आडवं झालं की गळायला लागतं. त्यावर औषध असतं, ते बहुतेकदा लागूही पडतं. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ही यादी वेगळीच. काही पिल्लांमध्ये मूत्रवाहिनी मूत्राशयाला न जुळता जन्मतःच भलतीकडे उघडते, ती दिवसभर ठिबकत राहतात. यातलं काहीही प्रेमानं किंवा ट्रेनिंगनं बरं होणारं नाही.

दुसऱ्या एका घरी स्पिट्झचा बोका भेटला. बोका हे कुत्र्याचंच नाव. तो येणाऱ्याची बॅग हुंगायचा, पाय वर करायचा आणि मोजून चार थेंब टाकायचा. चेहरा एखाद्या तलाठ्यानं सातबाऱ्यावर शिक्का मारल्यासारखा. ती हद्द आखणं झालं. त्यात भीतीबिती काही नाही. शेजारच्या गोल्डन रिट्रीव्हर पिल्लाचा प्रकार आणखी निराळा. ते ताठ उभं राहून, मागचा सगळा भाग हलवत, उड्या मारत आणि त्याच वेळी गळत पाहुण्याभोवती फेर धरायचं. अंग चोरणं नाही, कान पाडणं नाही. निव्वळ आनंद मावत नव्हता. या दोघांहून आमची बुंदी वेगळी. खरं तर तिच्यात आनंद आणि भय यांची भेळच झालेली असायची. शेपूट पोटाखाली आणि तिचं टोक हलतंय, यातच सगळं आलं.

हा आविष्कार समजून घ्यायचा तर कुत्रीच्या बाळंतपणापासून सुरुवात करावी लागते. कुत्री व्याली की पिल्लं डोळे मिटलेली, कान बंद असलेली. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिले साधारण तीन आठवडे त्यांना आपापली लघवीही करता येत नाही. आई पिल्लाला जिभेनं उलथं करते, पोट आणि खालचा भाग चाटते, तेव्हा त्या स्पर्शानं लघवी सुटते, आणि ती आई चाटून घेते. बिळात घाण राहत नाही, वास बाहेर जात नाही. म्हणजे मोठ्या कुणासमोर पाठीवर पडणं, पाय उचलणं आणि लघवी सोडणं ही त्या जिवाच्या आयुष्यातली पहिलीवहिली देवाणघेवाण असते. तेव्हा त्यात लाज नाही की भीती नाही. त्या बदल्यात ऊब मिळते.

रुडॉल्फ शेंकेल या स्विस प्राणिवर्तनतज्ज्ञानं १९६७ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या शरणागतीवर एक निबंध लिहिला. शरणागतीचे त्याने दोन प्रकार केले. एक सक्रिय: अंग खाली घालून, शेपूट हलवत जवळ जायचं, मोठ्याच्या तोंडाशी नाक लावायचं, चाटायचं. हे मूळचं पिल्लाचं घास मागणं. दुसरा निष्क्रिय: कुशीवर किंवा पाठीवर पडून पोट दाखवायचं, शेपूट पायांत घ्यायची, आणि मोठा हुंगत असताना निपचित राहायचं. हे मूळचं आईच्या जिभेखाली पडून राहणं. लघवी येते ती या दुसऱ्या प्रकारात. शेंकेलचा मला आवडलेला मुद्दा असा, की ही शरणागती म्हणजे लढाईत हरलेल्याची केविलवाणी माघार नव्हे, धाकट्यानं मोठ्याशी जुळवून घेण्यासाठी आपणहून केलेली हालचाल आहे. मोठा झालेला प्राणी बाळपणाची भाषा काढून बोलतो: मी लहान आहे, तुझ्यापुढे मला काही मिरवायचं नाही, सांभाळून घे. आपल्याकडे याला शब्द आहे, लोटांगण. बुंदीचं लोटांगण ओलं असतं, एवढंच.

याच शेंकेलनं १९४७ मध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले कोंडलेले लांडगे पाहून कळपातल्या वरच्या जागेसाठी चालणाऱ्या चढाओढीचं वर्णन केलं होतं. त्यातून पुढे "अल्फा" नावाचं खूळ निघालं आणि कुत्र्याच्या मालकानंही अल्फा व्हावं, कुत्र्याला उलथं पाडून दाबून धरावं, असले सल्ले पुस्तकांत आले. डेव्हिड मेक यांनी नंतर उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांमध्ये कित्येक उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरंबाळं, एक कुटुंब. आईबापांना घरात निवडणूक लढवावी लागत नाही. तरी आमच्याकडे आलेल्या पहिल्या ट्रेनरनं दारातच सांगितलं, "मॅडम, हिला बॉस कोण ते कळत नाहीये." जी पाठीवर पडून, पोट उघडं टाकून, ओली होऊन सांगतेय की बॉस तुम्हीच आहात, तिला आणखी काय कळायचं राहिलं होतं? त्याला चहा पाजून निरोप दिला.

शरीराच्या बाजूनं पाहिलं तर हे प्रकरण "आवरता येत नाही" या तीन शब्दांत संपतं, पण ते तीन शब्द समजून घेण्यासारखे आहेत. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. ती भरत असताना पिशवी सैल राहायला हवी आणि तोंड आवळलेलं. ती रिकामी होताना याच्या बरोबर उलट. पिशवीच्या गळ्याशी एक पकड आपसूक चालते, तिच्याखालची दुसरी बऱ्याच अंशी इच्छेच्या ताब्यात असते. सगळ्याची कळ मेंदूच्या बुडाशी आहे. बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यविशारदानं १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ती जागा दाखवली, ती आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. वरचा मेंदू या कळीवर बोट ठेवून असतो: आता नको, इथे नको. पिल्लात ही पकडही कच्ची आणि वरून येणारा हुकूमही कच्चा. त्यात भावनेचा लोंढा आला की बोट सुटतं. वयाबरोबर दोन्ही पक्की होत जातात, म्हणून बहुतेक कुत्र्यांची ही सवय वर्षाच्या आसपास आपोआप कमी होते, मध्ये कुणी घोळ घातला नाही तर.

आणि घोळ घालणारे आपणच. लक्ष्मीपूजनाची ती दुसरी धार आठवा. बुंदीनं आपल्या भाषेत म्हटलं, मला मारू नकोस. आम्ही उत्तर दिलं ते ओरडून. तिला वाटलं, आपण पुरेसं नम्रपणे बोललो नाही बहुधा. म्हणून ती तेच आणखी मोठ्यानं बोलली. यात चूक करत होतो ते आम्ही. मराठी न कळणाऱ्या माणसाला तेच मराठी वाक्य दुप्पट आवाजात ऐकवणारा आणि आम्ही, यांत काही फरक नव्हता.

"पण तिला कळतं हो, चेहरा बघा कसा अपराधी करते," हे सासूबाईंचं म्हणणं. तो चेहरा मीही पाहिलाय. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधासा प्रयोग या चेहऱ्यावरच होता. १४ कुत्री. मालकानं खाऊ समोर ठेवून "नाही" म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला सांगितलं जायचं, पण कधी खरं, कधी खोटं. अपराधी चेहरा कुणाचा दिसला? ज्यांना रागे भरले त्यांचा. खाल्लं होतं की नव्हतं, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट काहीही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो अधिक उठून दिसला. म्हणजे तो चेहरा गुन्ह्याची कबुली नसून आपल्या कपाळावरच्या आठीला दिलेला जबाब असतो.

मग मी माणसं बघायला लागले. पाहुणा दारात आल्यावर नेमकं काय करतो? चौकटीत उभा राहतो, म्हणजे मागून उजेड आणि पुढे काळी आकृती. सरळ डोळ्यांत पाहतो. गोड गोड आवाज काढतो. समोरून चालत येतो. आणि वाकतो. इथे मला थबकायला झालं. आपल्याकडे वाकणं म्हणजे नम्रता. थोरांपुढे वाकायचं, देवापुढे वाकायचं, मोडेन पण वाकणार नाही असं म्हणतानाही वाकणं म्हणजे कमीपणा घेणंच असतं. जमिनीपासून दीड फुटावर राहणाऱ्या जिवाला मात्र वाकणारा माणूस म्हणजे अंगावर येणारं छप्पर. वर डोक्यावर हात ठेवायची आपली रीत. आशीर्वादाचा हात खालून पाहिला तर कसा दिसतो, हे आपण कधी खाली पडून पाहिलेलं नसतं. मी पाहिलं. कोचाशेजारी आडवी झाले आणि नवऱ्याला म्हटलं, वाक आणि हात पुढे आण. मी डोळे मिटले. आपोआप मिटले.

उत्तर मिळालं ते सोसायटीच्या फाटकात. आमचे वॉचमनमामा परभणीकडचे. लहानपणी मेंढरांमागे फिरलेले, घरी कारवानी कुत्री असायची. बुंदी त्यांच्याकडे जाताना कधी ओली झाली नव्हती, आणि हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. ते करायचे काय? काहीच नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर तिरके बसून तंबाखू मळायचे. तिच्याकडे पाहायचे नाहीत, बोलवायचे नाहीत. ती लांबून एक वळसा घालायची, मग जवळ, मग पायातल्या चपलेचा सविस्तर वास. तंबाखू दाढेखाली गेली की मामांचा हात खुर्चीच्या बाजूनं खाली लोंबायचा, तळवा वर. ती हुंगायची. मग त्यातली दोन बोटं तिच्या हनुवटीखाली, छातीवर, सावकाश. डोक्यावर नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिला बघू द्यावं आधी. आपल्याला काय घाई?"

पुढे मी जे जे वाचलं ते थोडक्यात मामांचीच रीत होती. आम्ही ती घरात आणली. पाहुणे येण्याआधी बुंदीला खाली नेऊन मोकळी करायची. पाणी मात्र तोडायचं नाही, तहानलेलं जनावर वेगळंच आजारी पडतं. पाहुण्याची पहिली भेट शक्यतो फाटकाबाहेर, जिथे ओलं झालं तरी कुणाचं काही जात नाही. घरात आलं की तिच्याकडे पाहायचं नाही, सरळ जाऊन बसायचं. बोलायचं ते आपसात, हळू. दोन चणे किंवा चपातीचा तुकडा तिच्या बाजूला जमिनीवर टाकायचा, जेणेकरून ती मान खाली घालून हुंगण्यात गुंतेल. आणि झालंच काही, तर कुणीही "अगंबाई" सुद्धा म्हणायचं नाही. ती दुसऱ्या खोलीत गेल्यावर पुसायचं. फिनेलनं आपलं समाधान होतं, कुत्र्याच्या नाकाचं नाही. त्याला फिनेलखालचा जुना वास येतच राहतो. त्यासाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते बरं. शिवाय दिवसातून दोनदा "बस" म्हटल्यावर बसायचा साधा सराव, म्हणजे दारात काय करायचं याचं तिच्याकडे दुसरं एखादं उत्तर तयार राहील.

कुत्र्याला शिकवणं सोपं गेलं. पाहुण्यांना शिकवणं म्हणजे दिव्य. दारावर चिठ्ठी लावली: "कृपया कुत्रीकडे दुर्लक्ष करावे." निम्म्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि लगेच वाकून "का गं, दुर्लक्ष का करायचं तुझ्याकडे?" असं बुंदीलाच विचारलं. काहींना अपमान वाटला. आमच्या एका आत्यांनी तर घरच्या माणसांपेक्षा कुत्री जड झाली का, असं सुनावलं. मराठी घरात पाहुण्यानं घरातल्या लहानग्याची दखल न घेणं असभ्यपणाचं, आणि आम्ही नेमकं तेच मागत होतो. या कामी उपयोगी पडली ती पाचवीतली पुतणी. मुलं आली की ती त्यांना जमिनीवर पाठमोरी बसवायची आणि पैज लावायची, की बुंदी आधी कुणाला हुंगते. जो वळून पाहील तो बाद.

एक कुतूहल मनात राहिलं, की सगळीच गावठी पिल्लं अशी का नसतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षं कुत्र्यांची पिल्लं वाढवून पाहिली आणि १९६५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या आयुष्यात तीन ते बारा आठवड्यांची एक खिडकी असते, तेव्हा जे भेटतं ते आपलं वाटतं, असा त्याचा गाभा. तिथल्याच एका प्रयोगात चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्लं पुढे रानातल्या जनावरासारखी बुजरी राहिली. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे त्या खिडकीचा अर्धा भाग पैदास करणाऱ्याच्या घरी उघडतो, अर्धा आपल्या. या काळात पिल्लाला उंच माणसं, दाढीवाले, छत्रीवाले, काठीवाले, झाडू मारणाऱ्या मावशी असं सगळं थोडं थोडं, न घाबरवता दिसायला हवं. बुंदीच्या खिडकीतून रसवंतीचं घुंगरू आणि चिपाडं दिसली. माणसं दिसली ती बहुधा गुडघ्यांपर्यंतच.

यंदाच्या पाडव्याला आप्पा पुन्हा आले. मधल्या काळात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वाकायची सोयच उरली नव्हती. ते दारातल्या चपलांच्या स्टुलावर पाठमोरे टेकले आणि बुटाच्या नाड्यांशी झटापट करू लागले. बुंदी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. चार पायांवर उभी. मग आली. आधी काठी हुंगली, वरपासून खालपर्यंत. मग डबा. मग आप्पांच्या कोपराखालून नाक घातलं. घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखलेला. आप्पांना कुणी काही शिकवलं नव्हतं, पण ते हलले नाहीत. नाडी हातातच राहिली. बुंदीनं सावकाश त्यांच्या बऱ्या झालेल्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. फरशी कोरडी.

"अरे वा!" आप्पा मैदानावरच्या आवाजात ओरडले आणि त्यांनी टाळी वाजवली.

फार नाही, चमचाभर. आप्पांनी जीभ चावली, माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवलं आणि खुणेनंच फडकं मागितलं.